नाशिकमध्ये राहून समुद्री कासवांच्या संवर्धनात खरंच काही करता येतं का, की कासव महोत्सवाला जाऊन फोटो काढणं एवढंच आपल्या हातात आहे?

येतं. पण महोत्सवाला जाणं म्हणजे संवर्धन नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी कासव महोत्सवात घरट्यावर झाकलेली टोपली उचलल्यावर निघणारी पिल्लं बघणं ही सहल आहे. चांगली सहल आहे, गावातल्या घरांना चार पैसे मिळतात, पण सहलच.

मी निफाडकडचा, द्राक्षवाला. एका मार्चमध्ये आठ दिवस रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर राहिलो. मार्च म्हणजे आमच्याकडे माल काढायचे दिवस. नेमका त्याच आठवड्यात व्यापाऱ्याने भाव पाडला. मी घरी असतो तर पाडला नसता, असं आमच्या दादाचं मत. कुठल्याही लग्नात पंगत बसली की तो शेजारच्या पाहुण्याला माझी ओळख करून देतो, "हे आमचे धाकटे. कासवं मोजायला गेले होते."

हो, मोजायलाच गेलो होतो.

तिथले कासवमित्र पन्नाशीचे गृहस्थ. पहाटे अंधारात किनारा चालायचा, मादीचा माग शोधायचा, कोल्ह्याकुत्र्यांच्या आधी अंडी काढून कुंपणातल्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या राखीव जागेत, तेवढ्याच खोलीवर पुरायची, हे त्यांचं रोजचं. मला त्यांनी निराळंच काम दिलं. पिल्लं समुद्रात गेल्यावर घरटं उकरून आत काय उरलं ते मोजायचं. कोपरापर्यंत हात वाळूत, आणि नासलेल्या अंड्यांचा तो वास! दोन वेळा आंघोळ करूनही जेवताना हाताला येत होता. मी मोजलं. रिकामी टरफलं ८०, न उबलेली २७. त्यांनी पिशवीतून शंभरपानी वही काढली, बोट ठेवलं. त्या घरट्यात घातलेली अंडी ११२.

"पाच कुठे गेली?"

मी म्हटलं, काका, पाचाने काय फरक पडतो, ११२ लिहून टाका. माणूस चिडला नाही. मी बाजूला टाकलेला तुकड्यांचा ढीग त्यांनी माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "अंदाज लिहायचा नाही. नाही मोजलं, तर नाही मोजलं असं लिही." पाऊण तास तुकडे जुळवत बसलो. पाच टरफलं निघाली.

घरी येऊन हे सांगितलं तर दादा म्हणाला, "पाच अंड्यांसाठी आठ दिवस?"

आता गंमत ऐका. आमच्या वडिलांनी, बापूंनी, वर्षानुवर्षं एका वहीत पहाटेचं तापमान आणि छाटणीची तारीख लिहिली. दादा आजही ऑक्टोबर छाटणीचा दिवस त्या वहीत बघून धरतो. म्हणजे बापूंनी थंडी लिहिली तर ती शेती, आणि कोकणातल्या माणसाने वाळूचं तापमान लिहिलं तर तो रिकामा उद्योग! घरट्यातली वाळू जास्त तापली की पिल्लांत माद्या जास्त निघतात, थंड राहिली की नर. एका वर्षाच्या आकड्यावरून त्यातलं काही कळत नाही, वीस वर्षांची वही लागते. वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने काम सुरू केलं तेव्हापासूनच्या नोंदींची किंमत त्यासाठी आहे.

आणि मोजून काय मिळतं, हा दादाचा दुसरा लाडका प्रश्न. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची एक मादी अंडी घालायला आली. तिच्या वल्ह्याला धातूचा बिल्ला, आकडा ०३२३३. तो बिल्ला २०२१ मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला लावलेला. म्हणजे एकच मादी पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही किनाऱ्यांवर अंडी घालते. त्याआधी २०२२ मध्ये वेळासच्या 'प्रथमा' नावाच्या मादीसह पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले होते, पण ते काही महिन्यांत गप्प झाले. बिल्ला चार वर्षांनी बोलला, कारण दोन्ही टोकांना कोणीतरी आकडा नीट लिहून घेतला होता.

एक मात्र कबूल करतो. मोजणीनेही फसगत होते. एकच मादी हंगामात दोन-तीनदा अंडी घालू शकते, त्यामुळे शंभर घरटी म्हणजे शंभर माद्या नव्हेत. किनाऱ्यावर फिरणारी माणसं वाढली की सापडणारी घरटीही वाढतात. "यंदा विक्रमी घरटी" अशी बातमी आली की म्हणून मी आधी विचारतो, किती किलोमीटर चाललात? अंडी हलवावीत की जागेवरच राखावीत, यावरही जाणत्यांत मतभेद आहेत. मी आठ दिवसांचा गडी, त्यात पडत नाही.

तुमचं म्हणाल तर फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत जा, गावातच घरी उतरा, टोपली उचलायच्या वेळी टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवा. पण दरवर्षी त्याच किनाऱ्याला जाणार असाल तरच कामाचं विचारा. नाहीतर नाशिकपासून तासाभरावर नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे पक्षी मोजायला दर हिवाळ्यात माणसं लागतात. काम तेच आहे, फक्त वास कमी.

आणि दादा, वाचत असशील तर बापूंची वही कपाटात शोधू नकोस. माझ्याकडे आहे. मागच्या चार वर्षांत तू तापमान लिहिलेलंच नाहीस, त्या पानांवर मी "नाही मोजलं" असं लिहून ठेवलंय.