कपाटाची किल्ली

«मी 61 वर्षांची निवृत्त शिक्षिका. कॉलेजपासूनची माझी मैत्रीण सध्या लेकाकडे लीड्सला आहे. ती हॉवर्थला ब्राँटी बहिणींचं, त्या इंग्रज लेखिकांचं, घर बघून आली आणि मला सात पानी पत्र लिहिलं. शार्लट ब्राँटीनं 1836 मध्ये मैत्रिणीला लिहिलं होतं, आपलं एक छोटंसं घर असतं, पोटापुरते पैसे असते, तर मरेपर्यंत दोघीच सुखानं राहिलो असतो. ते उतरवून खाली हिनं लिहिलंय, ‘मलाही असंच वाटत आलंय.’ ह्यांनी ते वाचलं. ‘या वयात हे काय?’ एवढंच म्हणाले, स्वभावानं शांत आहेत. पत्र त्यांनी त्यांच्या कपाटात जपून ठेवलंय. त्या काळी बायका असं सर्रास लिहायच्या का? मी काय समजू?» – संभ्रमित, सातारा

सर्रास लिहायच्या. ‘माझी लाडकी’ काय, मुके काय, पाहुणी आलेल्या मैत्रिणीबरोबर एकाच पलंगावर रात्रभर गप्पा काय, घरच्यांना त्यात वावगं वाटत नसे. त्यातली मैत्री कुठली आणि प्रेम कुठलं, हे नुसत्या शब्दांवरून सांगता येत नाही. तुमच्या मैत्रिणीचं तर मी मुळीच सांगणार नाही. तिचा फोन नंबर आहे ना तुमच्याकडे?

मी अडले ते ‘जपून’ या शब्दापाशी. अहो, पत्र तुमच्या नावाचं. मग ते त्यांच्या कपाटात काय करतंय?

शार्लट आणि तिची ती मैत्रीण, एलन नसी, 1831 मध्ये यॉर्कशरच्या रो हेड शाळेत भेटल्या. चोवीस वर्षं पत्रं चालली. जून 1854 मध्ये शार्लटनं आर्थर निकल्सशी लग्न केलं. पाद्री, सज्जन माणूस, बायकोवर मनापासून प्रेम करणारा. ऑक्टोबरात ती एलनला लिहीत असताना त्यानं कागदावर नजर टाकली आणि म्हणाला, फारच मोकळं लिहितेस, असली पत्रं आगकाड्यांइतकी धोक्याची, एलननं ती जाळायचं वचन द्यावं. शार्लटनं ते हसण्यावारी नेलं. पत्रातून एकमेकींशी बोलायचं असतं हे पुरुषांना कळत नाही, असं काहीसं तिनं लिहिलं. पण वचन मागायचं काम केलं तिनंच.

एलननं वचन दिलं, पण अट घालून: तुम्ही शार्लटच्या लिहिण्यात कात्री चालवणार नसाल तर. ती अट पाळली गेली नाही, असं तिचं म्हणणं. तिनं पत्रं राखली. मार्च 1855 मध्ये शार्लट गेली आणि एलिझाबेथ गॅस्केलनं 1857 मध्ये तिचं चरित्र लिहिलं, ते मुख्यतः एलननं राखलेल्या या पत्रांच्या जोरावर. हॉवर्थच्या घरात आलेली एलनची पत्रं मात्र जवळजवळ उरलीच नाहीत. शार्लट काय म्हणाली ते आपण आज वाचतो. एलन काय म्हणाली, ते गेलं.

आता बघा, तुमची सात पानं यातल्या कुठल्या घरात पडली आहेत.

ह्यांचा शांत स्वभाव मला नका सांगू. शांत माणसाच्या कपाटालाही कुलूप असतंच. आज संध्याकाळी जेवणाआधी ते पत्र काढून घ्या. परवानगी मागू नका, खुलासा देऊ नका, भांडूही नका. विचारलंच तर ‘माझं आहे’ म्हणा. दोन शब्द पुरेत.

आणि एक. सात पानांच्या पत्रातलं तुम्ही मला एकच वाक्य सांगितलंत, नेमकं ह्यांना खटकलं ते. बाकीच्यात काय आहे? हॉवर्थला पाऊस होता का, गुडघे कसे आहेत तिचे, सुनेशी पटतंय का, परत कधी येणार? तुमच्या चिठ्ठीत यातलं अवाक्षर नाही. मला शंका आहे की तुम्ही ते पत्र ह्यांच्या खांद्यावरूनच वाचलंत.

चष्मा घ्या आणि पहिल्या पानापासून सुरू करा.