वाचकांचे प्रश्न : सातपुड्यातला वसंत

प्रश्न : मी अचलपूर तालुक्यातील एका गावात शिक्षिका आहे. पाठ्यपुस्तकांत आणि दूरदर्शनवर हिमालयातील वसंताची चित्रे पाहून मुलांना रानफुले दाखवावीत, म्हणून फाल्गुनात आम्ही चिखलदऱ्याच्या बाजूचा डोंगर चढलो. जमिनीवर एकही फूल नव्हते. पाचोळा तेवढा होता. आपल्या जंगलातील फुले संपत चालली आहेत काय?

उत्तर : फुले संपलेली नाहीत, आपण ती पायाखाली शोधलीत आणि या ऋतूत ती डोक्यावर असतात. हिमालयात वसंत येतो तो बर्फ वितळून माती ओली होते तेव्हा, त्यामुळे तेथे उतारावरचे गवतही फुलते. आपल्या गाविलगडच्या डोंगरात पाणी मिळते ते जून ते सप्टेंबर या काळात, आणि काळ्या खडकावरचा मातीचा पातळ थर होळीच्या कितीतरी आधी कोरडा पडतो. म्हणून जमिनीवरच्या फुलांचा खरा हंगाम म्हणजे श्रावण-भाद्रपद. त्या वेळी तेरडा आणि कळलावी फुललेली दिसेल, रानहळद तर त्याही आधी दिसू लागेल. फाल्गुनात कळलावी व रानहळद आपल्या पायांखालीच होत्या, परंतु कंदांच्या रूपाने.

झाडांचे गणित वेगळे असते. पानगळ झाली की पानांवाटे होणारे पाण्याचे बाष्पीभवन जवळजवळ थांबते, मुळांनी खोलवरून ओढलेले पाणी खोडात व फांद्यांत साठते आणि त्याच्या बळावर ऐन कोरड्या दिवसांत कळ्या धरतात. पाने नसल्यामुळे फुले पक्ष्यांना दुरून दिसतात, अवेळी पाऊस आला नाही तर मकरंद धुपत नाही, आणि पावसाळ्याच्या तोंडावर बी तयार होऊन जमिनीवर पडते. पळस, पांगारा आणि काटेसावर यांच्या तांबड्या फुलोऱ्यामागे हे सारे आहे. खडकाळ, उघड्या उतारावर निष्पर्ण फांद्यांच्या टोकांना मोठी पिवळीधमक फुले दिसली, तर ती गणेराची समजावीत; काही जण त्यालाच सोनसावर म्हणतात.

मुलांच्या हातात पळसाचे एक गळलेले फूल द्यावे. त्याचा देठाकडचा पेला काळपट आणि मखमली असतो. केशरी पाकळ्यांवर बाहेरून रुपेरी लव असते, आणि खालच्या वाकड्या, चोचदार पाकळीत पुंकेसर दडलेले असतात. साळुंकी किंवा शिंजीर मकरंदासाठी चोच घालतो तेव्हा परागकण त्याच्या अंगाला लागतात. पुढे शेंग धरते ती चपटी, आणि तिच्या टोकाशी एकच बी असते, जी वाऱ्यावर शेंगेसकट उडून जाते. वर्गात महिनाभर शिकवूनही जे समजत नाही, ते या एका फुलात समजते, असे माझे मत आहे.

जमिनीलगत काहीच नव्हते, हेही पूर्ण खरे नाही. वाटेच्या कडेला काटेरिंगणीची जांभळी फुले आणि नाल्याच्या काठी धायटीची तांबडी झुडपे बहुधा नजरेतून सुटली असावीत. पिवळा धोतराही दिसतो, पण तो अमेरिकेतून आलेला पाहुणा आहे.

प्रश्न : धारणीकडच्या रस्त्यावर एक झाड लालभडक दिसले. जवळ गेलो तर त्यावर फूल नव्हते. हे कसे?

उत्तर : ते कुसुमाचे झाड असावे. चैत्राच्या सुमारास त्याची कोवळी पालवीच लाल असते आणि काही दिवसांत ती हिरवी होते. त्याची खरी फुले बारीक, हिरवट-पिवळी असून सहसा कोणाचे लक्ष वेधत नाहीत.

प्रश्न : आमच्या गावी मोह वेचण्यापूर्वी झाडाखालचा पाचोळा पेटवतात. याने फुलांचे नुकसान होते काय? वडीलधारे म्हणतात, हे पूर्वापार चालत आले आहे.

उत्तर : वेचणाऱ्याची अडचण खरी आहे. मोहाची फुले रात्री उशिरा व पहाटे गळतात. फिकट, रसाळ आणि मनुक्याएवढी ती फुले पाचोळ्यात सापडत नाहीत. परंतु आग झाडाखालीच थांबत नाही. वारा असला तर डोंगर पेटतो, आणि जमिनीवरच्या पक्ष्यांची अंडी, चारोळीची व खुद्द मोहाची रोपे त्यात जळतात. अनेक ठिकाणी म्हातारे मोह दिसतात पण त्यांच्या खाली एकही तरणे झाड नसते, याचे एक मोठे कारण ही आग व दुसरे गुरांची चराई होय. खराट्याने पाचोळा बाजूला करून झाडाखाली जुने लुगडे किंवा हिरवी जाळी अंथरली, तर फूल मातीला लागत नाही आणि वाळल्यावर स्वच्छ मिळते. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला मोहासारख्या गौण वनोपजावर हक्क दिला आहे, तेव्हा आगीबाबतचा नियमही ग्रामसभेनेच करावा. बाहेरच्याने सांगण्यापेक्षा तो अधिक पाळला जातो. नवीन झाडे लावायची असल्यास मोहाची बी साठवून ठेवू नये, कारण तिची उगवणशक्ती लवकर जाते. फळ पिकून पडताच पहिल्या पावसात ती पेरावी आणि कोवळ्या रोपांभोवती काट्यांचे कुंपण करावे.