उठताच लुळा पडलेला हात आणि एमआरआयचं घड्याळ

प्रिय डॉक्टर,

स्ट्रोकची पहिली ड्यूटी लागेल तेव्हा नातेवाइकांना "त्रास कधी कळला?" एवढंच विचारून थांबू नकोस. पेशंट शेवटचा ठणठणीत कुणी आणि किती वाजता पाहिला, ते विचार. तिथून साडेचार तास व्हायचे असतील तर साधा सीटी पुरतो. रक्तस्राव नाही, मोठा भाग आधीच काळा पडलेला नाही, साखर तपासली आहे, बीपी 185/110 च्या खाली आहे, की गुठळी विरघळवणारं औषध सुरू कर. परफ्युजनसाठी, म्हणजे मेंदूतला रक्तप्रवाह मोजणाऱ्या स्कॅनसाठी, खोळंबू नकोस. मोठी धमनी बंद असताना मिनिटाला अंदाजे 19 लाख चेतापेशी मरतात.

सीटीची विंडो, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या करड्या छटांची कक्षा, मात्र अरुंद कर, 40 हाउन्सफिल्ड युनिटच्या आसपास. रुंद विंडोत इन्सुलाची (मेंदूच्या घडीत दडलेल्या भागाची) पुसट झालेली कड हमखास निसटते.

खरा कस लागतो तो झोपेतून उठताच हात लुळा पडलेल्या पेशंटपाशी. वेळच माहीत नसते. तिथे एमआरआयच्या दोन प्रकारच्या प्रतिमा घड्याळाचं काम करतात: डिफ्युजनवर डाग काही मिनिटांत उजळतो, फ्लेअरवर उजळायला तास लागतात. पहिल्यावर ठळक आणि दुसऱ्यावर काहीच नाही, म्हणजे गुठळी बहुधा साडेचार तासांच्या आतली. 2018 च्या वेक-अप चाचणीत याच खुणेवर अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं औषध देऊन फायदा दिसला. मेंदूच्या मधल्या धमनीच्या क्षेत्राच्या एक तृतीयांशाहून मोठा डाग असलेले पेशंट त्यात घेतले नव्हते, हे विसरू नकोस. फ्लेअरवर शंका आली तर समोरच्या बाजूची तीच जागा शेजारी लावून बघ.

परफ्युजनवर जायचं झालं, तर 9 तासांपर्यंतचे निकष असे: कोअर (आधीच मेलेला भाग) 70 मिलीहून कमी, रक्त कमी पडलेल्या एकूण भागाचं कोअरशी गुणोत्तर 1.2 हून जास्त, दोन्हींतला फरक 10 मिलीहून जास्त. पण रंगीत नकाशाआधी धमनी-शिरेतल्या डायचे (शिरेतून दिलेल्या रंगद्रव्याचे) चढउतार दाखवणारे वक्र उघड. हृदय कमकुवत असेल तर डाय उशिरा पोचतो, वक्र खाली यायच्या आत स्कॅन संपतो आणि आकडे खोटे ठरतात. कॅरोटिड (मानेतली मोठी धमनी) जुनीच अरुंद असेल तर धोक्यातला भाग उगाच फुगलेला दिसतो.

वजन अंदाजाने लिहू नकोस, काट्यावर घे. अल्टेप्लेज किलोला 0.9 मिग्रॅ, कमाल 90. दहा टक्के एका मिनिटात, उरलेलं तासाभरात. त्याच कामाचं दुसरं औषध टेनेक्टेप्लेज किलोला 0.25 मिग्रॅ, कमाल 25, एकदाच. हार्ट अटॅकचा डोस याच्या दुप्पट असतो, म्हणून सिरिंज भरल्यावर आकडा दुसऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचून घे. ड्रिप चालू असताना डोकं ठणकलं, उलटी झाली किंवा बीपी एकदम चढलं, तर आधी ड्रिप बंद, मग लगेच सीटी.