पुण्यात चालणाऱ्या मस्टँग जीटीसाठी बाहेरचा कोणता एअर फिल्टर घ्यावा?

तुमची गाडी 2017 ची फोर्ड मस्टँग जीटी आहे, ती एरवी पुण्यात चालते आणि महिन्यातून एकदा-दोनदा ताम्हिणी किंवा महाबळेश्वरच्या घाटात जाते. कंपनीचा कागदी एअर फिल्टर काढून ताकद वाढवणारा, धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर बसवावा का, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत आधीच सांगतो. कंपनीचा मूळ एअर बॉक्स, म्हणजे फिल्टर ज्यात बसतो ती बंद पेटी, काढू नका. फिल्टर बदलायचाच असेल तर त्याच बॉक्समध्ये बसणारा, तेल लावावे न लागणारा सिंथेटिक फिल्टर घ्या. उघडा कोन फिल्टर, म्हणजे पेटीशिवाय बसणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर, मात्र कोणी फुकट दिला तरी बसवू नका. मी बरीच वर्षे इंजिनांच्या चाचणीचे काम केले आहे आणि याच पिढीची मस्टँग माझ्या मेहुण्याकडे आहे, म्हणून कारणे जरा सविस्तर देतो.

एअर फिल्टरचे काम धूळ अडवणे हे आहे, आणि खरेदी करताना नेमके तेच विसरले जाते. एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. तुमची गाडी शहरात लिटरला सहा किलोमीटर देते असे धरले, तर दहा हजार किलोमीटरमध्ये पंधरा हजार घनमीटरच्या आसपास हवा तिच्या पोटात जाते. आपल्याकडच्या हवेत बांधकामांची, उकरलेल्या रस्त्यांची आणि घाटातल्या कडेच्या मुरुमाची धूळ असते. त्या धुळीतला क्वार्ट्झचा कण पोलादाला ओरखडे काढण्याइतका कठीण असतो, आणि पिस्टन रिंग व सिलिंडर यांच्यामधल्या तेलाच्या पातळ थरात तो शिरला की पॉलिश पेपरसारखे काम करतो. एक फिल्टर 99 टक्के धूळ अडवतो आणि दुसरा 97 टक्के, असे वाचले की फरक किरकोळ वाटतो. पण इंजिनाला अडलेल्या धुळीशी देणेघेणे नसते, आत आलेल्या धुळीशी असते, आणि दुसऱ्या फिल्टरमधून ती तिप्पट येते. म्हणून विक्रेत्याकडे किंवा उत्पादकाच्या संकेतस्थळावर आयएसओ 5011 चाचणीचे आकडे मागा. या चाचणीत फिल्टर किती धूळ अडवतो, हवेला किती अडथळा करतो आणि तुंबेपर्यंत किती धूळ साठवतो, या तिन्ही गोष्टी मोजतात. फक्त हवा किती मोकळी जाते एवढाच आकडा मिळत असेल, तर तो फिल्टर घेऊ नका.

आता ताकदीबद्दल. पाच लिटरचे हे व्ही-8 इंजिन 6500 फेऱ्यांना मिनिटाला सुमारे सोळा हजार लिटर हवा ओढते, त्यामुळे अडथळ्याचा प्रश्न अगदीच काल्पनिक नाही. तरीही त्याचे प्रमाण पाहा. फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबात एक किलोपास्कलचा फरक पडला, तर तो वातावरणाच्या दाबाच्या साधारण एक टक्का होतो, आणि ताकदीचे नुकसानही ढोबळमानाने तेवढेच. मुंबईहून पुण्याला आलात की 560 मीटर उंचीमुळे हवेचा दाबच सुमारे सहा टक्क्यांनी उतरलेला असतो. कोणताही फिल्टर ही तूट भरून काढू शकत नाही. मोजून पाहायचे असेल तर महागडे उपकरण लागत नाही. पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी यू आकारात धरून तिच्यात रंगीत पाणी घालायचे, एक टोक बॉक्समध्ये फिल्टरच्या आधी आणि दुसरे फिल्टरच्या नंतर जोडायचे, आणि डायनोवर (गाडी जागेवर ठेवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) पूर्ण थ्रॉटल देऊन, म्हणजे अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिनाची हवेची झडप उघडून, दोन बाजूंच्या पाण्यातला फरक पाहायचा. दहा सेंटिमीटर म्हणजे एक किलोपास्कल. नळीची लांबी भरपूर ठेवा, म्हणजे पाणी इंजिनात ओढले जाणार नाही.

मायलेजही वाढेल असे तुम्हाला कोणी सांगितले असल्यास त्यावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये केलेल्या अभ्यासात असे दिसले की इंधन इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांमध्ये फिल्टर तुंबला तरी मायलेज फारसे बदलत नाही, वेग पकडायला मात्र गाडी मंदावते. कारण उघड आहे. रोजच्या चालवण्यात थ्रॉटल अर्धवटच उघडलेला असतो आणि हवेची खरी अडवणूक तिथेच होते.

तेल लावलेल्या सुती जाळीचे फिल्टर वाईट असतात असे माझे म्हणणे नाही. के अँड एन ही 1969 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली कंपनी त्यासाठीच ओळखली जाते आणि जगभर ते वापरले जातात. अडचण देखभालीची आहे. तुमच्या गाडीत फिल्टरच्या लगेच पुढे मास एअर फ्लो सेन्सर आहे. त्यातली बारीक तापलेली तार हवेच्या झोताने किती थंड होते, त्यावरून कॉम्प्युटर हवा मोजतो. मेहुण्याच्या गाडीत असाच फिल्टर होता. एका गॅरेजने तो धुतला, तेलाची बाटली जवळजवळ रिकामी केली आणि तासाभरात परत बसवला. तीन दिवसांनी चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी 0171 व पी 0174 हे दोन कोड आले, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंना इंधन कमी पडत होते. सेन्सर काढून उजेडात धरला तेव्हा तारेवर तांबूस चिकट थर होता आणि त्यावर बारीक तंतू अडकले होते. असा थर बसला की तार कमी थंड होते, कॉम्प्युटरला हवा कमी आल्यासारखी वाटते आणि तो इंधन कमी सोडतो. घाटात पूर्ण थ्रॉटल दाबलेला असताना ही चूक इंजिनाला महागात पडू शकते. सेन्सरसाठीच्या खास स्प्रेने, तारेला हात न लावता, आम्ही तो साफ केला आणि गाडी पूर्ववत झाली.

कोन फिल्टरला माझा विरोध मुख्यतः उष्णतेमुळे आहे. बॉनेटखाली उघडा बसवलेला कोन रेडिएटरमागची तापलेली हवा ओढतो. बाहेर 30 अंश असताना आत 60 अंशांची हवा गेली, तर तिची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी कमी असते, शिवाय नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) टाळण्यासाठी कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडतो आणि ताकद घटते. आवाज दमदार येतो हे मान्य, आणि त्या आवाजामुळेच गाडी जास्त पळते असे मनापासून वाटते. पूर्ण इनटेक किटमध्ये आणखी एक गोष्ट तपासावी लागते. सेन्सर ज्या नळीत बसतो तिचा व्यास बदलला की हवेचे मोजमाप चुकते, म्हणून मस्टँगच्या काही किटना नव्याने ट्यूनिंग करणे अनिवार्य असते. पावसाळ्याचे वेगळे सांगायला नको. ज्या किटमध्ये हवेचे तोंड खाली बंपरजवळ येते, ते साचलेल्या पाण्यात थेट पाणीच ओढू शकते, आणि सिलिंडरमध्ये पाणी गेले की कनेक्टिंग रॉड वाकतो.

तर घ्यायचे काय? मोटरक्राफ्टचा (फोर्डच्याच सुट्या भागांच्या ब्रँडचा) मूळ कागदी फिल्टर वेळेवर मिळत असेल, तर मी तोच वापरीन आणि आपल्याकडच्या धुळीत कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या निम्म्यात बदलीन. पण फोर्डने 2021 मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा केल्यापासून सुट्या भागांची वाट पाहावी लागते, आणि धुऊन वापरता येणारा फिल्टर घेण्याचे मला पटणारे कारण तेवढेच आहे. तसा घ्यायचा झाल्यास एईएमचा ड्रायफ्लो किंवा एएफईचा प्रो ड्राय एस यांपैकी तुमच्या वर्षाच्या गाडीसाठी असलेला, मूळ बॉक्समध्ये बसणारा फिल्टर पाहा. धुतल्यावर तो सावलीत पूर्ण वाळू द्या, हेअर ड्रायर वापरू नका. कागदी फिल्टर असेल तर मेकॅनिकला त्यावर कॉम्प्रेसरने हवा मारू देऊ नका, कारण त्या झोताने कागदाचे तंतू फाटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

बसवताना सगळे लक्ष कडेच्या रबरावर ठेवा. उत्तमातला उत्तम फिल्टर असला तरी कडेला केसाएवढी फट राहिली की धूळ तिथूनच जाते, आणि नकली मालात ही कड हमखास कडक किंवा आखूड असते. फिल्टर बसवण्यापूर्वी बॉक्सची खाच ओल्या फडक्याने पुसा, झाकण सगळीकडून सारखे दाबून बंद करा. हजार किलोमीटरनंतर झाकण उघडून फिल्टरच्या पलीकडची नळी आतून स्वच्छ पांढऱ्या रुमालाने पुसा, मात्र सेन्सरला धक्का लागू देऊ नका. रुमालावर करडी भुकटी आली, तर फिल्टर कोणत्याही नावाचा असला तरी काढून टाका. रुमाल पांढराच राहिला, तर पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी जुन्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून त्यातले सिलिकॉनचे (धुळीतल्या क्वार्ट्झमधून येणाऱ्या मूलद्रव्याचे) प्रमाण पाहा आणि तो आकडा जपून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करता येईल.