पाहुणे आठला, पानं कितीला?

तुळशीचं लग्न झालं की केळवणं सुरू, त्यामुळे या वेळी आलेले जवळजवळ सगळे प्रश्न एकाच गोष्टीवर फिरतायत, स्वैपाक तयार होणं आणि पाहुणे टेकणं हे एका वेळेला कसं जमवायचं. एकेक घेते.

प्रश्न: आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. ८ ला जेवायला या म्हटलं की लोक साडेनऊला उगवतात, तोवर सगळं गार. काय करू?

ताई, तुम्ही येण्याची वेळ सांगताय, जेवायची सांगतच नाही, आणि त्या रस्त्याचं ट्रॅफिक माहीत असलेला माणूस ८ म्हणजे साडेआठ धरूनच निघतो. मेसेजमध्ये सरळ लिहा, "८ पर्यंत या, ९ ला पानं घेतोय". ९ हा आकडा एकदा पक्का झाला की तिथून मागे मोजत यायचं. मसालेभात ८.२० ला गॅसवरून उतरला पाहिजे, मग त्याच जाड पातेल्याखाली तवा, गॅस अगदी बारीक, झाकणाखाली एक स्वच्छ पंचा म्हणजे वाफेचं पाणी भातावर पडत नाही, पाऊणएक तास आरामात गरम राहतो. आमटी, उसळ, बटाट्याची भाजी दुपारीच करून फ्रीजमध्ये टाका, आयत्या वेळी खळखळून गरम केली की झालं. कोशिंबिरीची काकडी चोचवून ठेवा पण दही-मीठ शेवटच्या १० मिनिटांत, नाहीतर वाटीत नुसतं पाणी. आणि सव्वानऊला जे आलेले नाहीत त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायचं आणि बाकीच्यांना वाढायला घ्यायचं, वेळेवर आलेल्याला उपाशी बसवून उशिरा येणाऱ्याची वाट बघणं मला मुळीच पटत नाही.

प्रश्न: भाच्याचं केळवण आहे, १० माणसं. पुऱ्या गरमच हव्यात असा घरच्यांचा हट्ट, म्हणजे मी कढईपाशीच उभी. मी कधी जेवायचं?

जरा हिशोब करा. माणशी ५ धरल्या तर ५० पुऱ्या, एका पुरीला साधारण ४० सेकंद, मोठ्या कढईत दोन-दोन सोडल्या तरी १५-२० मिनिटं नुसतं तळणं, लाटणं वेगळंच. त्यामुळे लाटायला कुणीतरी बसवाच, नवरा, दीर, कॉलेजातली मुलं, कुणीही, पुरी थोडी वाकडी झाली तरी फुगते. कणीक घट्ट भिजवा, १५-२० मिनिटं झाकून ठेवली की बस. लाटलेल्या पुऱ्या एकावर एक रचू नका, चिकटतात, आणि पंख्याखाली उघड्या राहिल्या तर कडा सुकतात आणि मग कितीही दाबा, फुगत नाहीत. कापडावर पसरून वर दुसरं कापड. पानं घ्यायच्या १० मिनिटं आधी तेल तापवून अर्ध्या पुऱ्या काढायच्या, सगळ्यांबरोबर तुम्हीही बसायचं, आणि दुसऱ्या वाढपाच्या वेळी ज्याचं जेवण उरकत आलंय त्याने उठून उरलेल्या तळायच्या.

मुख्य म्हणजे पुऱ्या असतील त्या दिवशी अळूवडी, भजी असलं आणखी काही आयत्या वेळी तळायचं ठेवू नका. माझा एकच नियम आहे, शेवटच्या अर्ध्या तासात शेगडीपाशी उभं राहून करायचं काम एकच. अळूवडी हवीच असेल तर उंडे आदल्या दिवशी उकडून फ्रीजमध्ये ठेवा, संध्याकाळी काप करून पुऱ्यांच्या बऱ्याच आधी तळून मोकळ्या व्हा, कोमट अळूवडी छानच लागते. श्रीखंडाचा चक्का आदल्या रात्रीच टांगलेला असणार, त्याचं टेन्शन नाही.

प्रश्न: पाहुण्यांचं जेवण नेहमी उरतं. स्वैपाक बिघडत नाही, सगळे छान म्हणतात पण खात नाहीत.

आल्या आल्या काय ठेवता? तुम्हीच पुढे लिहिलंय, वेफर्स, चिवडा, ढोकळा, कटलेट आणि कोल्ड्रिंक. अहो मग भूक राहणार कुठे! पाऊण तासात पानं असतील तर कोकम सरबत आणि थोडे भाजलेले शेंगदाणे पुष्कळ झाले. जेवण दहाला असेल तरच कटलेट.

प्रश्न: कोल्हापूरचे व्याही येणार, मटणाचा बेत आहे. रस्सा सकाळी करू की संध्याकाळी?

तांबडा रस्सा सकाळी केलात तर उलट बरं, मसाला मुरतो, वाफ गेली की फ्रीजमध्ये ठेवा आणि रात्री चांगली उकळी आणा. पांढरा रस्सा मात्र संध्याकाळीच, नारळाचं दूध शेवटी घालायचं आणि नंतर खळखळू द्यायचं नाही, फुटतं. मटण हाडासकट माणशी पाव किलो धरा. भाकरी हे तुमचं त्या दिवसाचं शेवटचं एकमेव काम, बाकी सगळं त्याआधी झाकून ठेवलेलं हवं. भाकरी जमत नसेल तर सरळ ओळखीच्या पोळीभाजी केंद्रातून आणा, व्याह्यांसमोर तुकडे पडण्यापेक्षा ते बरं 😄

प्रश्न: सासूबाई साडेसातला जेवतात, शुगर आहे. पाहुणे नऊला. थांबवायचं का?

अजिबात नाही. गोळी किंवा इन्सुलिन जेवणाच्या वेळेशी बांधलेलं असतं. त्यांचं आणि लहान मुलांचं ताट आधी, मग नऊला गप्पांना सगळ्यांबरोबर बसू देत.

प्रश्न: दुपारीच भात लावून ओट्यावर ठेवला आणि रात्री मायक्रोवेव्ह केला तर चालेल?

नको. शिजवताना न मरणारे काही जंतू भातात असतात, भात कोमट राहिला की वाढतात आणि त्यांचं विष नंतर गरम करूनही जात नाही, पाहुण्यांना रात्रभर उलट्या. बाहेर २ तासांच्या वर ठेवू नका, मे महिन्यात तासभरच. साध्या भाताला कुकरमध्ये असा कितीसा वेळ लागतो, ८.२० ला लावा की.

प्रश्न: आणि जे पाऊण तास आधीच येतात त्यांचं काय? मी गाऊनवर, ओटा पसरलेला.

सोफ्यावर बसवून चहा करत बसलात तर तुमची २० मिनिटं गेली. आत बोलवा, नारळ आणि खवणी हातात द्या, आणि तुम्ही आंघोळीला पळा.