विषय मोठा आहे म्हणतात, लहान कसा करू?

पत्रकारिता आणि जनसंवादात एम.ए. केलेली सत्तावीस वर्षांची एक मुलगी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या मार्गदर्शन केंद्रात आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नेट (सहायक प्राध्यापक पद आणि पीएचडी प्रवेशासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण, त्याच परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधनाची अधिछात्रवृत्ती थोडक्यात हुकलेली, पीएचडी प्रवेशाच्या दोन मुलाखती झालेल्या. दोन्हीकडे एकच शेरा : विषय फार मोठा. घरी वडील विचारत होते, सिनेमावर पीएचडी करून करणार काय? पण तिला खरी भीती वेगळीच होती. ‘मला संशोधनातलं काही कळतच नसेल तर?’ असं ती दोनदा म्हणाली.

घाईही होती. जेआरएफ नसेल तर नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. निवडीत 70 टक्के वजन त्या गुणांना आणि 30 टक्के मुलाखतीला असतं. गुण तर आता बदलणार नव्हते. हातात होती ती मुलाखत, म्हणजे संशोधन आराखडा.

आराखड्याचं शीर्षक होतं, ‘मराठी चित्रपटांचा ग्रामीण समाजावरील परिणाम : 1913 ते 2020’. यात दोन अडचणी होत्या. वर्षांची अडचण कुणालाही दिसते. साठ चित्रपट निवडले आणि प्रत्येक तीनदा पाहिला, तरी नुसतं पाहण्यातच साडेतीनशेच्या वर तास जातात. शिवाय मूकपटांच्या काळातलं बरंचसं आज उरलेलंच नाही. दुसरी अडचण ‘परिणाम’ या शब्दात आहे आणि बहुतेक आराखडे तिथेच अडकतात. चित्रपट कितीही बारकाईने पाहिला तरी तो काय दाखवतो एवढंच कळतं. बघणाऱ्याने त्यातून काय घेतलं हे कळायला बघणाऱ्याकडेच जावं लागतं. तिच्या आराखड्यात प्रेक्षक एकही नव्हता.

आम्ही तिला विषय बाजूला ठेवायला सांगितलं आणि विचारलं, सिनेमाशी संबंधित असं काय आहे, ज्याला तू उद्या सकाळी हात लावू शकतेस? बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, माझे मामा एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, त्यांच्याकडे जुन्या वह्या आहेत.

पुढच्या भेटीला तिने त्यातली एक आणली. डीसीआरची, म्हणजे रोजच्या गल्ल्याच्या हिशेबाची वही. कार्बनने उठलेली जांभळी अक्षरं, पानांना डांबरगोळ्यांचा वास. चित्रपटाचं नाव, खेळ, मग बाल्कनी, अप्पर, लोअर या वर्गांची विकलेली तिकिटं, करमणूक कर, निव्वळ रक्कम. मामांकडच्या वह्या 1978 ते 1989 पर्यंतच्या होत्या. रंगीत दूरदर्शन 1982 मध्ये आलं आणि पाठोपाठ व्हिडिओ घरोघर पोचला, तो नेमका हा काळ.

त्यातून नवा प्रश्न निघाला : या अकरा-बारा वर्षांत नाशिकच्या एका एकपडदा टॉकीजमध्ये मराठी चित्रपटांना कोणते खेळ मिळत गेले, आणि तिथे जाणारे प्रेक्षक ते कसं आठवतात? एक शहर, एक टॉकीज, ठरावीक वर्षं. चित्रपटाऐवजी चित्रपटाला जाण्याचा अभ्यास करणारी ‘न्यू सिनेमा हिस्ट्री’ नावाची शाखाच आहे, हेही तिला तेव्हा कळलं.

वहीवर डोळे झाकून विश्वास मात्र ठेवायचा नाही. कर वाचवायला तिकिटं कमी दाखवलेली असू शकतात. म्हणून जुन्या स्थानिक दैनिकांतल्या जाहिरातींशी खेळांची पडताळणी करायची. तिकिटांचे आकडे त्याने पक्के होत नाहीत, पण कोणता चित्रपट किती आठवडे आणि कोणत्या वेळेला चालला हे ताडून पाहता येतं. पुस्तिका, पोस्टर, कात्रणांसाठी पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे जाण्याआधी पत्र पाठवून परवानगी घ्यावी.

प्रेक्षकांच्या मुलाखती पंचवीस पुरेत, साठीच्या पुढच्या लोकांच्या, आणि त्यांत निम्म्या तरी बायका हव्यात, कारण कोण आलं होतं हे डीसीआर सांगत नाही. प्रत्येकाची लेखी संमती घ्यायची. एक तासाचं ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला पाच-सहा तास लागतात, म्हणजे सव्वाशे ते दीडशे तास तिथेच धरायचे. हा हिशेब आराखड्यात लिहिला की समितीला काम पेलणारं दिसतं. पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं असतात, त्यात कोर्सवर्कही येतं.

वह्यांचे फोटो खिडकीच्या उजेडात काढायचे, फ्लॅश बंद ठेवून. फाटक्या पानाला सेलोटेप लावायची नाही, काही वर्षांत ती पिवळी पडून कागदच खाते.

वडिलांच्या प्रश्नाला आम्ही आकड्यांनी उत्तर दिलं. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि पुढे 42,000. ती मिळाली नाही तर आपापल्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं लागतं. नेट असल्याने महाविद्यालयात सहायक प्राध्यापक पदासाठी अर्ज आजही करता येतो, पण कायम जागा कमी निघतात, हेही त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. होकार दिला नाही, पण ‘ही वही माझ्या साल्याकडची?’ म्हणून बराच वेळ पानं उलटत बसले.

तिसरी मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. मामांच्या माळ्यावर अजून दोन ट्रंका आहेत. दिवाळीच्या आवराआवरीत त्या रद्दीत जाण्याआधी खाली उतरवायला ती या रविवारी सिन्नरला जाणार आहे.