रस्ता डिझाइन करायचा तर ट्रकचं एकूण वजन पुरत नाही का? प्रत्येक अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा आडवा दांडा, वेगळा का मोजतात?

नाही पुरत. रस्त्याला ट्रकचं एकूण वजन कळत नाही, एकेका अ‍ॅक्सलचा दाब कळतो. आणि नुकसान अ‍ॅक्सलच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं, म्हणजे भार दुप्पट तर नुकसान सोळापट. आपल्याकडे प्रमाण अ‍ॅक्सल ८० किलोन्यूटनचा, म्हणजे सुमारे ८.१६ टनांचा धरतात. २०१८ पासून चार टायरच्या एका अ‍ॅक्सलला ११.५ टनांची परवानगी आहे. म्हणजे कायदा पाळणारा अ‍ॅक्सलसुद्धा प्रमाण अ‍ॅक्सलच्या जवळपास चौपट नुकसान करतो! १६ टनांचा असेल तर पंधरापटीच्या घरात.

मोजणीसाठी चाकाखाली ठेवायचे पोर्टेबल वजनकाटे पुरतात, पण ते रस्त्याच्या पातळीत, छोट्या खड्ड्यात बसवा. नुसते वर ठेवले तर एक चाक उचललं जातं आणि जोड-अ‍ॅक्सलचा (जवळजवळ बसवलेल्या दोन अ‍ॅक्सलचा) भार इकडचा तिकडे होतो. इथेच बहुतेक सर्व्हे फसतात. दोन्ही दिशा वेगळ्या मोजा; खाणीकडे रिकामे डंपर जातात, येताना भरून येतात. रात्रही सोडू नका. आणि गाड्या निवडताना भरलेल्याच थांबवायचा मोह होतो, तो टाळा, रिकाम्याही नमुन्यात हव्यात. काटा लागल्याची बातमी चालकांमध्ये तासाभरात पसरते, म्हणून दंड करणारे सोबत नसलेलेच बरे.